कासच्या कंदीलपुष्पाला निळा दिवा की तांबडा?

कंदीलवाली

नमस्कार मंडळी. हा धागा बागकामात बसतो की शेतीत ते ठरेना, म्हणून इथंच टाकतेय. ॲडमिनना वाटलं तर हलवा.

मी कराडजवळ एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करते, म्हणजे बंद बाटलीत, पोषक माध्यमावर रोपं वाढवायची. रोजचं काम केळीचं, जी-नाइन जातीचं, मधूनमधून ऊस. साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या मॅडमनी आमच्या मालकांना गळ घातली आणि ग्रोथ रूममधला कोपऱ्यातला एक रॅक सेरोपेजियासाठी मोकळा झाला. सेरोपेजिया म्हणजे आपलं कंदीलपुष्प. पावसाळ्यात कासच्या गवतातून हळूच मान वर काढतं ते. याच्या जाती पुष्कळ आहेत, त्यातल्या बऱ्याच फक्त सह्याद्रीत सापडतात, आणि काही तर मोजक्या सड्यांवरच, म्हणजे खडकाळ पठारांवरच, उरल्यात. बिया परवानगी काढून आणल्यात. कोणती जात, कुठल्या सड्यावरची, ते कृपया विचारू नका. इथं कोण कोण वाचतं देवाला माहीत.

प्रश्न उजेडाचा आहे. रॅकच्या एका फळीवर नेहमीची पांढरी एलईडी ट्यूब आहे, एकीवर तांबडी, एकीवर निळी. बाकी सगळं सारखं: तेच माध्यम, तेच तापमान, १६ तास उजेड आणि ८ तास अंधार. तांबड्याखाली फुटवे सरसर चढतात, पेरं लांब, देठ दोऱ्यासारखा, पानं फिकट. निळ्याखाली रोपं बुटकी, काळपट हिरवी, पानं जाडसर. पांढऱ्याखालची मधली. दिवे विकायला आलेला माणूस म्हणतो, "जांभळा लावा मॅडम. ७० टक्के तांबडा, ३० टक्के निळा. डोळे झाकून." कॉलेजच्या मॅडमना फुटव्यांची संख्या हवीय, पेपरात तीच जाते. मला धास्ती पुढची आहे. बाटलीतून बाहेर आल्यावर यातलं जगणार कोण?

कुणी केलंय का असलं काही?

सह्यभटक्या

वाचतोय. पण आधी एक शंका, राग मानू नका. जांभ्याच्या सड्यावर दोन बोटं मातीत, भर वाऱ्यात वाढणारी झाडं एसी खोलीत रंगीत दिव्याखाली वाढवायची आणि त्याला संवर्धन म्हणायचं? सडा राखला तर झाड राहतं. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे. गर्दी, गाड्या, बांधकामं यावर बोलायचं सोडून आपण ट्यूबलाइटवर बोलतोय.

शिवाय सगळ्याच दुर्मीळ झाडांना लॅब लागत नाही. शिंदळ माकुडी घ्या, फ्रेरिया इंडिका. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाची. शिवनेरी, पुरंदर, आपला सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर ती आहे. पण काडी लावली तर कुंडीतसुद्धा मस्त फुटते. तिला दिव्याचा रंग विचारायची गरजच नाही.

कंदीलवाली

भटक्या, फ्रेरियाचं पटलं. काडीनं येतं त्याला बाटलीत घालणं म्हणजे वीजबिल वाढवणं. पण कंदीलपुष्पाचं तसं नाही. त्या नळीसारख्या फुलात बारक्या माश्या अडकतात, तेव्हा कुठं परागीभवन होतं. ते जमलं नाही तर शेंग नाही. त्यात कंद खाण्यासारखा, गुराखी पोरं उकरून खातात. एका जागी झाडंच थोडी उरली की बी धरायचं प्रमाणही घटतं. तेव्हा आहे त्या थोड्या बियांतून रोपं वाढवून हाताशी ठेवायची, एवढंच. सड्याला पर्याय म्हणून नाही हो.

निवृत्त_मास्तर

सांगलीत वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे लांबण लागेल. सांभाळून घ्या.

ताई, बाटलीतलं रोप उजेड खाऊन जगतं हे आधी डोक्यातून काढा. माध्यमात लिटरला ३० ग्रॅम साखर आपणच घालतो, रोप मुख्यतः त्या साखरेवर असतं. झाकण बंद, आत कार्बन डायऑक्साइड तुटपुंजा, उजेडही मंद. तिथं उजेडाचा रंग पोटापेक्षा बातमीच्या कामाचा. मी कुठे आहे, सावलीत की उघड्यावर, वर कुणी आहे का, हे रोप रंगावरून ताडतं.

अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी शेती संशोधन केंद्रात बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर प्रयोग केला. बियांवर तांबड्या उजेडाची झोत टाकली की त्या रुजत. पाठोपाठ अतितांबड्या उजेडाची (तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) टाकली की रुजणं रद्द. आलटून पालटून कितीही वेळा टाका, शेवटची झोत कोणती यावर निकाल. यातून पुढे फायटोक्रोमचा शोध लागला. हे रंगद्रव्य दोन रूपांत असतं. एक ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा उजेड शोषून दुसऱ्या रूपात जातं, आणि दुसरं ७३० च्या आसपासचा अतितांबडा शोषून परत येतं.

रानात याचा उपयोग काय? वरच्या झाडाची पानं तांबडा उजेड शोषतात, अतितांबडा बराचसा खाली सोडतात. उघड्या उन्हात तांबडा आणि अतितांबडा जवळपास बरोबरीचे, तांबडा किंचित सरस. दाट झाडीखाली तोच तांबडा फार कमी पडतो. रोपाला कळतं की वर छत्र आहे, आणि ते उंच पळायला लागतं.

निळ्याचे पहारेकरी वेगळे: क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रोपिन. निळा उजेड खोडाच्या लांबण्याला लगाम घालतो, पर्णरंध्रं उघडतो, रोपाला उजेडाकडे वळवतो. तुमच्या तांबड्या फळीवर निळ्याचा लगामच नाही, म्हणून पेरं सुटली आहेत. ती रोपं जोमदार दिसली तरी भुलू नका.

७०-३० हे प्रमाण विक्रेत्यानं हवेतून काढलेलं नसावं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाटलीतल्या स्ट्रॉबेरीच्या रोपांना ७० टक्के तांबडा आणि ३० टक्के निळा उजेड सर्वांत मानवला होता. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनी ते जरूर करून पाहावं. पण स्ट्रॉबेरीचं प्रमाण कंदीलपुष्पाला लागू पडेलच असं कोण म्हणतं? एकाच वंशातल्या दोन जातीसुद्धा वेगळं वागू शकतात.

जतचा_निवडुंग

मास्तर, नमस्कार. आमच्याकडं जत भागात ड्रॅगन फ्रूटच्या बागेत हिवाळ्यात रात्री दिवे लावत्यात, बिगरहंगामी फुलं काढाय. अन माझ्या मेव्हण्याचं शेवंतीचं पॉलीहाऊस हाय, तो बी रात्री दिवे लावतो, पण फुलं लांबवाय! दिवा तोच, काम उलटं. हे बी तुमच्या त्या फायटोक्रोमचंच का?

निवृत्त_मास्तर

अगदी तेच, पाव्हणं. ड्रॅगन फ्रूट मोठ्या दिवसाला फुलतं, शेवंती लहान दिवसाला. रात्र मधेच तोडली की दोघांनाही वाटतं, दिवस मोठा झाला. त्यावर एक फुलायला लागतं, दुसरी थांबते. रात्र तोडायला तांबडा उजेड सर्वांत गुणकारी, तोही फार प्रखर लागत नाही.

ताई, याचा तुमच्याशी संबंध आहे. सेरोपेजियाच्या काही जातींना बाटलीतच फुलं आल्याच्या नोंदी आहेत. तुमच्याकडे तसं झालं तर कोणत्या फळीवर झालं ते लिहून ठेवा.

कुपवाड_सर्किट

मी दिवे बनवतो (पण ताईंकडे आलेला तो मी नव्हे 😄), त्यामुळे माझं ऐका.

पहिला प्रश्न: तिन्ही फळ्यांवर उजेड सारखा आहे हे कशावरून? लक्समीटरनं मोजलं असेल तर ते मोजमाप फेकून द्या. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं माप आहे. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा भरपूर दिसतो, गडद निळा आणि गडद तांबडा फार कमी. झाडासाठी मोजायचं ते ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल (कण मोजायचं एकक). उन्हात साधारण ५४ लक्सला एक मायक्रोमोल पडतो, जुन्या कूल व्हाइट ट्यूबखाली साधारण ७४ लक्सला. निळ्या-तांबड्या एलईडीला यातलं काहीच चालत नाही. मोबाइलचं ॲप तर विचारूच नका. हे मोजणारा क्वांटम मीटर महाग असतो, पण कृषी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात असतो. एक दिवस मागून आणा, तिन्ही फळ्या मोजा, दिवे वरखाली करून सारखे करा. त्याशिवाय तुम्ही रंग तपासताय की प्रखरता, हे कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरं, पांढऱ्या एलईडीला बिनरंगी समजू नका. आत निळी चिपच असते, ४५० नॅनोमीटरच्या आसपासची, वर पिवळसर फॉस्फरचा थर. त्या निळ्या चिपसाठी जपानमध्ये जन्मलेल्या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. स्वस्तातली ६५०० केल्विनची, म्हणजे कूल व्हाइट, ट्यूब घेतली तर निळा भरपूर, हिरवाही भरपूर, तांबडा बेताचा, अतितांबडा जवळजवळ नाहीच. वॉर्म व्हाइट घेतली की तांबडा वाढतो. तुमची 'मधली' फळी त्यामुळेच मधली दिसतेय.

तिसरं: टोपणं. केळीच्या बाटल्यांना जी प्लास्टिकची टोपणं असतात त्यातून किती उजेड आत जातो? दिवा वरून असेल तर सगळा त्यातूनच जाणार. टोपण रंगीत असेल तर तोही एक फिल्टरच झाला.

कंदीलवाली

टोपणं दुधी आहेत, सगळ्या फळ्यांवर सारखी. लक्सबद्दल मात्र तुम्ही झोप उडवलीत. मीटरसाठी मॅडमना आत्ताच मेसेज टाकला.

शेडनेट_इस्लामपूर

मी हार्डनिंग बघते, म्हणजे बाटलीतली रोपं बाहेरच्या हवेला सरावायचं काम, गेली कित्येक वर्षं. केळी, डाळिंब, थोडी ऑर्किड. लॅबवाले लोक रोपं मोजून देतात आणि सुटतात, मेलेली आम्ही मोजतो.

ताई, तुमची धास्ती खरी आहे. बाटलीत आर्द्रता शंभराच्या जवळ. पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो, पर्णरंध्रं उघडी राहायची सवय लागलेली असते, बाहेर आल्यावर ती पटकन मिटत नाहीत. लांब पेरांचं, बारीक देठाचं रोप ट्रेमध्ये लावलं की दुपारपर्यंत मान टाकतं. मग फॉगर कितीही चालवा. आखूड, जाड पानांचं रोप निदान उभं तरी राहतं. त्यात तुमची ग्रोथ रूम म्हणजे ३० ते ६० मायक्रोमोल, आणि भर दुपारचं ऊन २००० च्या घरात. शेडनेट लावून, टप्प्याटप्प्यानं आणलं तरी ही उडी मोठीच. निळा की तांबडा यावर भांडण्याआधी शेवटचे काही आठवडे बाटलीतच उजेड वाढवा, टोपणं थोडी सैल करा, माध्यमातली साखर कमी करा.

आणि कंदवाल्या झाडाला पानं सांभाळत बसायचं कशाला? मला सेरोपेजियाचा अनुभव नाही, पण कंदवाल्या झाडांचं आम्ही असं करतो: कंद बाटलीतच धरू द्यायचा. रोप सुकलं तरी कंद जगतो, उन्हाळ्यात झोपतो, मृगात फुटतो. सड्यावर तरी ते दुसरं काय करतं?

सह्यभटक्या

हे आवडलं. सड्यावर पावसाळा संपला की वर काहीच उरत नाही, सगळा कारभार जमिनीखाली. वायतुरा तसाच, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८२ मध्ये शास्त्रीय वर्णन झालं, नावातच सातारा. त्याचाही कंदच. पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचे फोटो काढायला झुंबड, खालच्या कंदाचं कुणाला काही पडलेलं नसतं.

म्हणजे फुटवे न मोजता कंद मोजायला हवेत, नाही का?

कंदीलवाली

बापरे. हो. मॅडमना कसं सांगू तेवढं सांगा 🙏 पण खरंय, कुठल्या रंगाखाली कंद लवकर धरतो ही नोंद आम्ही ठेवतच नाहीये. बुडाशी गाठ दिसते काही बाटल्यांत, आम्ही सबकल्चर करताना, म्हणजे फुटवे नव्या माध्यमात हलवताना, कापून टाकतो.

निवृत्त_मास्तर

कापून टाकू नका हो!

आता थोडं माध्यमाबद्दल, कारण याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. उजेड रोपावर पडतो तसा माध्यमावरही पडतो. मुराशिगे आणि स्कूग यांचं १९६२ चं जे माध्यम तुम्ही वापरता, त्यात लोह ईडीटीए नावाच्या रसायनाबरोबर बांधलेलं असतं. निळ्या आणि अतिनील उजेडात ते संयुग फुटतं, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइडसुद्धा तयार होतं. मुळांसाठी आयएए हे हार्मोन घालत असाल तर तेही माध्यमातल्या क्षारांच्या संगतीत निळ्या उजेडात झपाट्यानं नासतं. १९९० च्या सुमारास हे नीट दाखवलं गेलं. पिवळा फिल्टर लावून निळा अडवला की माध्यम टिकतं आणि मुळांची वाढ बदलते. म्हणजे निळ्या फळीवर मुळं कमी आली तर ते रोपाला निळा न मानवल्यामुळे की हार्मोन संपल्यामुळे? सांगता येत नाही. मुळांच्या टप्प्यात आयएएऐवजी आयबीए किंवा एनएए ही त्याच कामाची हार्मोन्स वापरा, ती उजेडात जास्त टिकतात. किंवा ॲक्टिव्हेटेड चारकोल घाला. माध्यम काळं होतं, बुडाला अंधार मिळतो. फक्त चारकोल हार्मोनही शोषून घेतो, हे ध्यानात असू द्या.

दुसरं प्रयोगाच्या मांडणीचं. एका रंगाची एकच फळी असेल तर त्यावर शंभर बाटल्या ठेवल्या तरी तो एकच प्रयोग. वरची फळी गरम असते, कोपऱ्यातली एसीच्या तोंडाशी. पुढच्या फेरीला दिवे अदलाबदल करा: जिथं निळा होता तिथं तांबडा. फळीतल्या बाटल्याही फिरवत राहा, कडेला उजेड कमी पडतो.

आमरी_वेडी

धागा वाचून लॉगिन केलं. पाटणला असते, हॅबेनेरियाच्या, म्हणजे जमिनीवरच्या एका आमरीच्या (ऑर्किडच्या) प्रेमात. कासला ती दात घासायच्या ब्रशसारखी पांढरी आमरी असते ना, तसल्या जमिनीवरच्या आमरींचं बी दिव्याखाली रुजवायचं असेल तर कोणता रंग?

निवृत्त_मास्तर

कोणताच नाही. जमिनीवरच्या आमरींच्या पुष्कळ जातींचं बी अंधारात चांगलं रुजतं, उजेडानं उलट अडतं. आमरीच्या बीमध्ये अन्नसाठा नसतो, रानात बुरशीच्या जिवावर ते जमिनीत रुजतं. बुरशीशिवाय नुसत्या साखरेच्या माध्यमावर रुजवता येतं हे नुडसननं १९२२ मध्ये दाखवलं. फॉइल गुंडाळा आणि वाट बघा. हिरवा कोंब दिसायला लागला की मग मंद उजेडात आणा. झाडावरच्या आमरींचं वेगळं, त्यातल्या बऱ्याच उजेडात रुजतात.

जतचा_निवडुंग

म्हंजे इतकं महाग दिवे घेऊन शेवटी फॉइल गुंडाळायचं! 😂

मला एक सांगा, लाल-निळा जिलेटीन पेपर ट्यूबला गुंडाळला तर चालंल का? गणपतीत उरलेला घरात पडलाय.

कुपवाड_सर्किट

दादा, मुलांना दाखवायला चालेल. प्रयोगाला नको. प्रत्येक कागद किती उजेड खातो ते वेगळं, म्हणजे पुन्हा प्रखरतेचा घोळ. आणि उन्हात वापराल तर तांबडा काय, निळा काय, बहुतेक जिलेटीन पेपर अतितांबडा सरळ सोडतात. मास्तरांनी सांगितलेली सावलीची बातमी झाडाला भलतीच मिळेल. ट्यूबखाली तेवढा प्रश्न येत नाही, तिच्यात अतितांबडा फारसा नसतोच.

शेडनेट_इस्लामपूर

जांभळ्या दिव्याबद्दल एक राहिलं. आमच्या ओळखीच्या एका लॅबनं सगळी ग्रोथ रूम जांभळी केली होती. पोरींची डोकी दुखायला लागली, आणि बाटलीतली बुरशी, बॅक्टेरियाचा पांढुरका पापुद्रा, पिवळी पडलेली पानं, काहीच ओळखू येईना. हिरवं पान जांभळ्यात काळं दिसतं. एक खराब बाटली वेळेत उचलली नाही तर माईट शेजारच्या बाटल्यांत बुरशी नेतात. शेवटी तपासणीसाठी वेगळा पांढरा दिवा बसवला. ताई, तुमच्या रॅकला तो आधीच बसवून घ्या. एक बटण, बस्स.

कंदीलवाली

सगळ्यांचे आभार. मॅडमशी बोलणं झालं. अपेक्षेपेक्षा सोपं गेलं, कंदाचं ऐकून त्याच खूश. आता असं ठरलंय: जांभळा सध्या नको. फुटवे वाढवायच्या टप्प्यात वॉर्म व्हाइट, म्हणजे तांबडा थोडा जास्त पण निळा अगदीच गायब नाही. शेवटच्या टप्प्यात निम्म्या बाटल्या कूल व्हाइटखाली, उजेड वाढवून, साखर कमी करून. उरलेल्या निम्म्या होत्या तशाच. निळी आणि तांबडी फळी ठेवतोय, पण मीटरनं सारखी केल्यावर आणि पुढच्या फेरीला जागा बदलून. नोंद फुटव्यांची, कंदाची, आणि शेडमध्ये किती उरली त्याची. शेडचे आकडे आल्याशिवाय पेपर लिहायचा नाही, हे मॅडम स्वतःच म्हणाल्या.

सह्यभटक्या

उत्तम. मी माघार घेतो, अर्धीच. 🙂 एक विनंती: सगळी रोपं एकाच जोमदार बीपासून वाढवू नका. जे बाटलीत भरभर फुटतं तेच पुढे जातं आणि बाकीचे वाण मागे पडतात. हजार रोपं झाली, पण सगळी एकाच बीची, तर ती सड्यावर परत लावून काय मिळवणार? एक रोग आला की सगळी एकदम. आणि बाटलीला मानवणारं बी सड्यालाही मानवेल असं कुठंय.

कंदीलवाली

प्रत्येक बीची ओळ वेगळी ठेवलीय, नंबर टाकून. काही ओळी फार हळू फुटतात, मालक म्हणतात जागा अडवतात. त्या काढायच्या नाहीत हे त्यांना मॅडमकडूनच वदवून घेते.

निवृत्त_मास्तर

हळू फुटणाऱ्या ओळींना सर्व रंगांखाली ठेवून बघा. एका रंगात मागे पडलेली ओळ दुसऱ्यात पुढे जाते का, हेच मला सर्वांत आधी वाचायला आवडेल. मीटर विद्यापीठातून मिळाला नाही तर व्यनि करा, सांगलीत कुणाकडे आहे का बघतो.